लेकीला फ्रेंच रंगभूमीवर जायचंय, पोट भरेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“आम्ही फ्रान्समध्ये ग्रनोब्लला राहतो. मुलगी २१ वर्षांची. जन्म, शाळा सगळं इथलंच, घरात मराठी. विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इथल्या काँझर्वातुआरमध्ये (सरकारी कलाशाळेत) तीन वर्षं नाटक शिकतेय. यंदा तिनं सेंतेत्येन, लियों आणि पॅरिस इथल्या सरकारी नाट्यशाळांच्या काँकूरचे, म्हणजे प्रवेशपरीक्षांचे, अर्ज भरलेत. त्यातच दक्षिणेतल्या सेतला चित्रित होणाऱ्या रोजच्या मालिकेत तिला सहा दिवसांचं छोटं काम विचारलंय. तारखा एका शाळेच्या दुसऱ्या फेरीच्या आसपासच्या आहेत. एक एजंट नोंदणी आणि फोटोंचे ९०० युरो मागतोय. जुलैत आविन्योंला मित्रांच्या नाटकात काम आहे, पैसे ‘तिकीटविक्रीतून वाटून घेऊ’ असं ठरलंय. ती म्हणते, वर्षाला ५०७ तास भरले की सगळं मार्गी लागतं. तिचे बाबा घाबरलेत. तिला अडवावं असं मला वाटत नाही, पण यावर माणूस जगतो कसा? – एक आई.”

नमस्कार ताई,

पैशांचे दोन प्रश्न तातडीचे आहेत, ते आधी घेऊ.

एजंटला ९०० युरो देऊ नका. फ्रान्समध्ये कलाकाराच्या एजंटला त्यानं मिळवून दिलेल्या कामाच्या मानधनातून कमिशन मिळतं आणि ते साधारण १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. काम नाही तर कमिशनही नाही. नोंदणीची, ‘बुक’ची किंवा ऑडिशनची फी आधी मागणाऱ्याचं उत्पन्न तुमच्या लेकीच्या कामावर अवलंबूनच नसतं, मग तो तिच्यासाठी धडपडेल कशाला? फोटो लागतात हे खरं, पण सुरुवातीला दोन पुरतात. एक चेहऱ्याचा जवळून आणि एक पूर्ण उंचीचा, नैसर्गिक प्रकाशात, जवळजवळ मेकअपशिवाय, केस रोजच्यासारखे. ते तिनं स्वतः निवडलेल्या छायाचित्रकाराकडून काढून घ्यावेत. चांगले एजंट नाट्यशाळांच्या शेवटच्या वर्षाचे प्रयोग बघायला येतात आणि तिथे मुलं निवडतात. दाखवायला काम नसताना एजंट शोधण्यात आत्ता वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आविन्योंचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण तिथे फसवणारं कुणी नसतं. हौशी मित्रमंडळीच एकमेकांना अडकवतात. दिग्दर्शक जाँ विलार यांनी १९४७ मध्ये सुरू केलेला नाट्यमहोत्सव वेगळा आणि १९६६ पासून त्याच्या शेजारी वाढलेला ‘ऑफ’ वेगळा. ‘ऑफ’मध्ये कुणी निवड करत नाही. नाटक कंपनी छोट्या सभागृहातला दीड-दोन तासांचा वेळ महिन्याभरासाठी भाड्यानं घेते आणि दीड हजारांच्या आसपास प्रयोगांच्या गर्दीत रस्त्यावर पत्रकं वाटून प्रेक्षक आणते. भाडं, राहणं, छपाई यांतच हजारो युरो जातात. ‘तिकीटविक्रीतून वाटून घेऊ’ म्हणजे कायद्याच्या भाषेत बहुधा भागीदारी. त्यात पगार नाही, पगारपत्रक नाही, म्हणून एकही तास मोजला जात नाही. भागीदार नफ्यात असतो तसा तोट्यातही असतो.

फ्रान्सच्या श्रमकायद्यात १९६९ पासून एक मोलाची तरतूद आहे. मोबदला देऊन कलाकाराला कामाला घेतलं की तो करार नोकरीचाच मानला जातो, वरचं नाव काहीही असो. ‘तू ओतो-आंत्रप्रनर (स्वयंरोजगारी) म्हणून बिल दे’ हेही म्हणूनच गैर. मित्रांना एकच प्रश्न विचारायला सांगा: दर प्रयोगाची फीश द पे, म्हणजे पगारपत्रक, मिळणार का? उत्तर ‘नाही’ असेल तर अनुभवासाठी जायला हरकत नाही, पण भाड्याच्या करारावर किंवा कर्जावर तिची सही नको, आणि स्वतःच्या खाण्याराहण्याचा खर्च किती करायचा हे आधीच ठरवावं.

आता सेतची मालिका. आमचं मत स्पष्ट आहे: तारखा काँकूरला धक्का लावत नसतील तर काम जरूर घ्यावं. मालिकेत दिसलं की गंभीर रंगभूमी दार लावून घेते, ही भीती जुनी झाली. १९९० च्या दशकात तरुण प्रेक्षकांसाठीच्या मालिकेत दिसलेले नट लोराँ लाफित २०१२ मध्ये कोमेदी-फ्राँसेज या राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाले. सेत, मोंपलिए, मार्सेय या दक्षिणेच्या पट्ट्यातल्या रोजच्या मालिका आज शेकडो नटांना नियमित काम देतात. तिथे शिकायला मिळतं ते नाट्यशाळेत फारसं मिळत नाही: उलटसुलट क्रमानं चित्रित होणारे प्रसंग, दोन-तीन टेकमध्ये काम, आदल्या दिवशी बदलून आलेले संवाद, जमिनीवरच्या खुणेवर न बघता अचूक थांबणं. रंगमंचाची सवय असलेल्या मुलांचा पहिल्या दिवशी एक घोळ ठरलेला असतो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय असते, मायक्रोफोन मात्र छातीवर असतो. तिला सांगा, समोरच्या नटाशी बोलण्यापुरताच आवाज ठेवायचा आणि डोळ्यांची उघडझाप कमी करायची.

होकार देण्याआधी कास्टिंगवाल्यांकडून लेखी मागून घ्यायच्या गोष्टी आहेत. सहा तारखांपैकी पक्क्या किती आणि ‘ऑप्सियों’ म्हणून राखून ठेवलेल्या किती? मालिकांचं वेळापत्रक हवामान आणि आजारपणामुळे सरकतं. काँकूरची तारीख मात्र कुणासाठी सरकत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीची तारीख आणि तिच्या आधीचा एक दिवस आपण उपलब्ध नाही, हे आजच ईमेलनं कळवावं. कास्टिंगवाल्यांना याची सवय असते. त्यांना राग येतो तो होकार देऊन नंतर माघार घेणाऱ्यांचा. प्रवास आणि राहण्याचे पैसे मानधनात धरलेत की वेगळे, हेही विचारावं. करारावर तिचं पद ‘आर्टिस्ट-अँतेरप्रेत’ (भूमिका करणारा नट) असं लिहिलंय की ‘आर्टिस्ट द कोंप्लेमाँ’ असं, हे नीट बघा. दुसरं म्हणजे गर्दीतलं पात्र. त्याला मोबदला तर कमी मिळतोच, शिवाय पुनःप्रसारणाचे हक्कही मिळत नाहीत. दूरचित्रवाणीवरच्या नटांसाठी १९९२ चा सामूहिक करार आहे, त्यात किमान दर ठरलेले आहेत. नटांची संघटना एसएफए ते दर प्रसिद्ध करते. कराराची रक्कम त्याच्याशी ताडून पाहायला दहा मिनिटं पुरतात.

काँकूरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तुमच्या लेकीचं पुढचं दशक बरंचसं त्यावर ठरणार आहे.

पॅरिसच्या राष्ट्रीय काँझर्वातुआरला दरवर्षी हजाराहून अधिक अर्ज येतात आणि जागा सुमारे ३० असतात. स्ट्रासबूर्गच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या शाळेत अभिनयाची तुकडी डझनभर मुलांची. रेन, बोर्दो अशा काही शाळा दरवर्षी तुकडी घेतही नाहीत. वयाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी पंचविशीच्या आसपास असते आणि काही शाळा प्रयत्नही मोजून देतात. म्हणजे तिच्या हातात तीन-चार हंगाम आहेत. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर तो गुणवत्तेवरचा निकाल समजू नका. निवडलेल्यांमध्येही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातली मुलं पुष्कळ असतात. सेंतेत्येनच्या शाळेत २०१४ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी तयारीचा वर्गही आहे. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर पुढच्या वर्षासाठी त्याची चौकशी करून ठेवा.

परीक्षेत बहुधा तीन-तीन मिनिटांचे प्रसंग मागतात: एक पद्यातला, म्हणजे आलेक्सांद्राँ या छंदातला, एक आधुनिक, आणि एक ‘पार्कूर लिब्र’, ज्यात उमेदवार स्वतःला हवं ते सादर करतो. नेपथ्य नाही, टेबल-खुर्ची मिळते. तीन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतात. नेमकं इथेच अनेकांचं गणित फसतं. प्रसंगाचा उत्कर्ष चौथ्या मिनिटाला येणार असेल तर तो परीक्षकांना दिसतच नाही. म्हणून प्रसंग कापताना शेवटाकडून मागे मोजत यावं आणि घड्याळावर २ मिनिटं ४० सेकंदांत बसवावा, कारण परीक्षेच्या दिवशी विराम लांबतात.

दुसरी नेहमीची चूक निवडीची. एकवीस वर्षांची मुलगी चाळिशीतल्या राणीचा आक्रोश निवडते, कारण भूमिका थोर असते. परीक्षकांना मात्र ही मुलगी उद्या कशा भूमिका करील हे बघायचं असतं. तिच्या वयाची, एखादी गोष्ट मिळवण्यासाठी समोरच्याशी झगडणारी पात्रं निवडावीत. संवाद मागितला असताना स्वगत करू नये, कारण ऐकणारा नट कसा दिसतो हेही बघितलं जातं. म्हणूनच समोर ‘रेप्लिक’, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद, देणारा जोडीदार फार महत्त्वाचा. एकच मित्र पाच जणांना रेप्लिक देत असेल तर त्याच्या तारखा एकमेकींवर येतात. बदली जोडीदार तयार ठेवा आणि त्याच्याबरोबर निदान पाच-सहा तालमी होऊ द्या.

आलेक्सांद्राँच्या तयारीत तुम्ही घरी मदत करू शकता, ताई. ओळीत १२ अवयव (सिलेबल) आणि सहाव्यानंतर यती, एवढं कळलं की बोटांवर मोजता येतं. शब्दाच्या शेवटचा मूक ‘अ’ पुढे व्यंजन आलं की उच्चारायचा आणि मोजायचा, पुढे स्वर आला की गिळायचा, ओळीच्या शेवटी मोजायचा नाही. रोजच्या बोलण्यात तुमची लेक तो सगळीकडे गिळत असणार, त्यामुळे तिच्या ओळी अकरा-दहावर येतील. काही शब्द पद्यात लांबतात. ‘पासियों’ बोलताना दोन अवयवांचा, पद्यात ‘पा-सि-यों’ असा तिनाचा. मोजणी पक्की झाली की यतीवर दर वेळी थांबायचं नाही. अर्थ पुढे जात असेल तर यती नुसती जाणवली पाहिजे. बारा अवयवांचा ठेका धरून ओळ गायला लागणं आणि गद्य समजून ती मोडून टाकणं, ही पद्याच्या फेरीत बाद होण्याची दोन ठळक कारणं आहेत.

या शाळांतून मिळणारी डीएनएसपीसी ही पदविका बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पातळीची, म्हणजे लिसाँस या विद्यापीठाच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. बहुतेक शाळा विद्यापीठाशी जोडून लिसाँसही देतात. फी वर्षाला काही शे युरो आणि उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती. खासगी ‘कूर’, म्हणजे अभिनयशाळा, वर्षाला काही हजार युरो घेतात. त्यांतल्या काही चांगल्या आहेतच, पण सरकारी शाळेची एक जमेची बाजू त्यांच्याकडे नसते: बाहेर पडल्यावरची पहिली तीन वर्षं. पॅरिस आणि स्ट्रासबूर्गच्या पदवीधरांना ‘जन तेआत्र नास्योनाल’चा आधार असतो. एखाद्या नाट्यगृहानं त्यांना घेतलं तर पगाराचा काही भाग तिथून येतो. सेंतेत्येनसह इतर शाळांचेही असे निधी आहेत. दिग्दर्शकाला दोन सारखे नट आवडले आणि एकाच्या पगाराचा भार निम्मा असला, तर काम कुणाला मिळेल हे वेगळं सांगायला नको.

आता ५०७. लेक सांगते ते खरं आहे, पण अर्धंच.

शेवटच्या करारापासून मागच्या १२ महिन्यांत कलाकार म्हणून ५०७ तास घोषित झाले असतील तर बेरोजगारी विम्याच्या दहाव्या परिशिष्टाखाली भत्ता सुरू होतो. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात ‘नाइट’ मिळते तसा तिथे काशे, आणि एक काशे म्हणजे १२ तास. नुसत्या प्रयोगांवर मोजलं तर ४३ काशे लागतात. महिन्याला २८ पेक्षा जास्त धरत नाहीत. सेतचे सहा दिवस म्हणजे ७२ तास. तालमी बहुधा तासांवर मोजल्या जातात. एक धडधाकट वर्ष असं दिसतं: अनुदानित नाट्यगृहात ३५ तासांचे सहा आठवडे तालीम, २१० तास. मग २० प्रयोग, २४० तास. झाले ४५०. उरलेल्या ५७ साठी अजून पाच काशे हवेत. मालिकेचे पाच दिवस इथे नेमके कामाला येतात, आणि रंगभूमीचे नट दूरचित्रवाणी सोडत नाहीत त्याचं हे साधं कारण आहे. मान्य संस्थांमध्ये अभिनय शिकवण्याचे ७० तासांपर्यंत धरले जातात. कॅफेत किंवा दुकानात केलेले तास यात अजिबात धरत नाहीत.

तिच्या बाबांना आकडा हवा असेल. दहाव्या परिशिष्टात रोजचा भत्ता किमान ४४ युरो आहे, पण तो महिन्याच्या सगळ्या दिवसांचा नाही. महिन्यातल्या कामाच्या तासांना १.३ ने गुणून १० ने भागायचं, तितके दिवस वजा. पाच काशे केले, म्हणजे ६० तास, तर सुमारे ८ दिवस गेले. उरलेल्या २२ दिवसांचे ९६८ युरो, आणि वर त्या पाच काशेंचा पगार. कपाती सोडून हा अंदाज. यात ऐषाराम नाही, पण माणूस जगतो. पहिल्या महिन्यात सात दिवसांची प्रतीक्षा आणि इतर वजावटी असतात, म्हणून हातात फारच कमी पडतं. दोन महिन्यांचा खर्च बाजूला हवाच.

मग खरं अर्धंच का? कारण एक तर शाळेत पूर्णवेळ असताना हा भत्ता मिळेल असं धरून चालता येत नाही. ती नोकरीसाठी उपलब्ध मानली जात नाही. दुसरं, ५०७ एकदा भरून भागत नाही. दर वर्षी ठरलेल्या तारखेला पुन्हा भरावे लागतात आणि एकदा वापरलेले तास परत वापरता येत नाहीत. तारखेच्या तोंडावर ४९० तास असलेल्या नटाची धावपळ बघवत नाही. ३३८ तासांवर सहा महिन्यांची सवलत आहे, पण ती पाच वर्षं या व्यवस्थेत काढलेल्यांना. आणि तिसरं, तास घोषित झाले तरच तास. प्रत्येक कामानंतर मालकानं आएएम हे मासिक प्रमाणपत्र फ्रान्स त्रावाय या सरकारी रोजगार संस्थेला पाठवायचं असतं. ते राहून गेलं की काम केलेलं असूनही खात्यात शून्य दिसतं. नटानंही २८ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आपली मासिक माहिती भरायची असते. चुकली की नोंदणी रद्द.

म्हणून सेतच्या पहिल्या काशेपासून तिनं एक फाइल करावी: करार, फीश द पे, आएएमची प्रत, रजेचं प्रमाणपत्र. हे शेवटचं कागदपत्र तरुण मुलं हमखास हरवतात. कलाकारांच्या रजेचे पैसे ‘काँजे स्पेक्ताक्ल’ या निधीत जमा होतात, कपातीआधीच्या पगाराच्या साधारण १० टक्के, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. वर्ष एप्रिल ते मार्च. मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचं नाव येणार असेल तर ‘अदामी’ या संस्थेतही नोंदणी करावी. १९८५ च्या कायद्यानं नटांना मिळालेल्या हक्कांचे पैसे तिथून येतात.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण मनात असेल: भारतीय चेहरा, मराठी आडनाव. अडचण येते, ती नाकारण्यात अर्थ नाही. नर्स, दुकानदाराची मुलगी, ‘भारतीय उच्चारात’ बोलणारी कुणी, अशा विचारणा येतील. दिग्दर्शक स्तानिस्लास नोर्दे यांनी २०१४ मध्ये ‘प्रमिए आक्त’ हा उपक्रम याच कारणानं सुरू केला होता: मूळ किंवा रंगामुळे रंगमंचापासून दूर राहिलेल्या तरुण नटांसाठी. तिच्या सीव्हीवर फ्रेंच मातृभाषा म्हणून पहिली यावी आणि मराठी ‘अस्खलित’ म्हणून दुसरी. डेमो चित्रफीत दोन ते तीन मिनिटांची, पहिल्या दहा सेकंदांत तिचा चेहरा आणि तिचं नेहमीचं फ्रेंच. मराठीतला प्रसंग वेगळ्या फाइलमध्ये असावा, मागितला तर पाठवायला. सगळं एकात घातलं की कास्टिंगवाले तिला भारतीय भूमिकांच्या कप्प्यात टाकतात आणि मग ती तिथेच राहते. उच्चार बदलून बोलायची भूमिका आली तर आधी पूर्ण संहिता मागावी. पात्राला उच्चाराखेरीज काही करायला असेल तरच घ्यावी.

चेहरा न दिसणारं कामही आहे: डबिंग. पडद्याखाली सरकणाऱ्या ‘बांद रिथ्मो’वरच्या शब्दांशी ओठ जुळवायचे आणि मानधन ‘लिन्य’वर मोजायचं, एक लिन्य म्हणजे ५० अक्षरचिन्हं. मुख्यतः पॅरिसच्या स्टुडिओंमध्ये असलेलं हे काम नाट्यशाळेनंतर शिकावं. करारात आवाज संगणकाला शिकवायला वापरण्याची परवानगी घुसडलेली नाही ना, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावं.

अजून एक, घराचं. नियमित पगारपत्रक नसलेल्या नटाला घरमालक दारातून परत पाठवतात. तिशीच्या आतल्यांना ‘विझाल’ ही घरभाड्याची हमी मोफत मिळते. घर बघायला जाण्याआधीच तिचं प्रमाणपत्र काढून ठेवावं, म्हणजे तुम्हा दोघांना हमीदार म्हणून सही करावी लागणार नाही.

विद्यापीठ आत्ता सोडायचं कारण दिसत नाही. काँकूरच्या फेऱ्या वसंतात संपतात, निकाल जूनपर्यंत लागतात, शाळा सप्टेंबरात सुरू होते. दुसरं वर्ष पूर्ण होऊ शकतं आणि ते श्रेयांक नंतर लिसाँसला उपयोगी पडतात. कुठेच निवड झाली नाही तर तिसऱ्या वर्षाला नाव घालून काँझर्वातुआर चालू ठेवायचं आणि पुढच्या हंगामाचे अर्ज भरायचे. शाळांच्या तारखा शरदापासून लागायला लागतात आणि बऱ्याच ठिकाणी अर्ज हिवाळ्यातच बंद होतात.

या आठवड्यात दोनच कामं: एजंटला नकार आणि सेतच्या कास्टिंगला तारखांचा ईमेल.